बूड न दिसणारा आंबा

शुभांगी, मालाडचा रिपोर्ट मी थांबवला नव्हता.

तू हॉस्पिटलात उशीला टेकून बसली होतीस. सलाइन लावलेल्या हातानेच चहाचा कप धरायचा तुझा हट्ट चालला होता आणि मधेच विचारलंस, "मालाडचं काय केलंस गं?" मी म्हटलं, "थांबवलाय. तू आलीस की बघू." तू "बरं" म्हणालीस आणि चहा किती गोड केलाय म्हणून नर्सवर घसरलीस. तेव्हा रिपोर्ट जाऊन दोन दिवस झाले होते. त्याच्या पहिल्या पानावर ‘चेक्ड बाय’च्या चौकटीत तुझं नाव होतं. जो रिपोर्ट तू तपासून माझ्या टेबलावर परत आपटला होतास, तोच.

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. मला एका जागी बसवत नाही. मुलुंडच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते, दूध उतू घालवते, फोन उचलते आणि कशाला उचलला ते विसरते. नवरा म्हणतो, दोन दिवस मालवणला जाऊन ये. मालवणला जाऊन काय करू? तिथे तू कधी आलीच नाहीस.

ऑफिसच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल खूप छान छान लिहून आलंय. एकाने तर तू मनमिळाऊ होतीस असं लिहिलंय. तू आणि मनमिळाऊ! एकोणीस वर्षांत तुझं एकाही ठेकेदाराशी पटलं नाही. कामत सर मीटिंगच्या आधी मला बाजूला घेऊन सांगायचे, "वैशाली, आज हिला जरा सांभाळ." साहेबांना वाटायचं मी तुला सांभाळते. खरं तर मी फक्त टेबलाखालून तुझ्या पायावर पाय द्यायचे आणि तू सगळ्यांसमोर विचारायचीस, "पाय का देतेस?"

मी घाटकोपरच्या गिरणी कामगाराची पोर, तू मढची कोळीण. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या चार टेबलांच्या ऑफिसात आपण दोघी एका आठवड्याच्या अंतराने लागलो. पहिल्याच दुपारी डब्यावरून वाजलं. तू माझी सुरमईची आमटी चाखलीस आणि म्हणालीस, "तुम्ही मालवणी लोक मासा खोबऱ्यात बुडवून मारता. तो आधीच मेलेला असतो ना." त्यानंतर एकोणीस वर्षं तू माझाच डबा आधी उघडत आलीस. पावसाळ्यात वर्सोव्याची फेरीबोट बंद झाली की तू मढहून सगळा वळसा घालून रस्त्याने यायचीस, दोन तास उशिरा, भिजलेली, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न डब्यात काय आहे हा.

आपलं काम मला माझ्या सासूला कधीच समजावता आलं नाही. तू एकदा घरी आलीस आणि दोन मिनिटांत समजावलंस. "आई, मोकळ्या जमिनीवर पाऊस पडला की थोडा मुरतो, थोडा खड्ड्यात थांबतो, उरलेला सावकाश वाहतो. तिथे टॉवर आला, फरशी आली, की मुरायचं बंद. सगळं पाणी एकदम धावतं आणि शेजाऱ्याच्या घरात शिरतं. म्हणून बिल्डरला सांगायचं, पूर्वी तुझ्या जागेतून जेवढं पाणी बाहेर जायचं तेवढंच जाऊ दे. वरचं तुझ्या टाकीत धर आणि पाऊस ओसरला की हळूहळू सोड. ती टाकी केवढी बांधायची, ते आम्ही काढतो." सासूबाई म्हणाल्या, "मग यात इंजिनियर कशाला हवा?" तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये दोन रकाने, आधी आणि नंतर. नंतरच्या रकान्यात भांडण नसतं, सगळं नकाशावर असतं, गच्ची किती, पेव्हर ब्लॉक किती, बाग किती. भांडण आधीच्या रकान्यात. आधीची जमीन जितकी टणक दाखवाल तितकी बिल्डरची टाकी लहान. पहिल्यापासूनच पाणी वाहून जात होतं म्हटलं की त्याने वेगळं काय केलं? म्हणून प्रत्येक बिल्डरची जमीन आपल्याकडे येईपर्यंत दगडासारखी झालेली असते. तू म्हणायचीस, "नंतरचं कोणीही काढतं गं. आधीचं काढायला पाय झिजवावे लागतात."

आणि तू झिजवायचीस. सॉफ्टवेअर उघडण्याआधी प्लॉटवर जायचीस, पिशवीतून पाण्याची बाटली काढायचीस, जमिनीवर ओतायचीस आणि घड्याळ लावून उकिडवी बसायचीस. येणारे जाणारे थांबून बघायचे. भांडुपला एका म्हातारबाबांनी तुला नमस्कार केला होता, त्यांना वाटलं भूमिपूजन चाललंय. मी तुला चिडवायचे, "झाला का अभिषेक?" मग आजूबाजूच्या चाळीत शिरून तू सगळ्यात म्हातारी बाई शोधायचीस. पुरुषांना विचारायचीच नाहीस. "पुरुष पाणी किती आलं ते सांगतात, कमरेला, छातीला, दर वेळी चार बोटं वाढवून. कुठून आलं ते बाईच सांगते, कारण ते तिने काढलेलं असतं."

मालाडलाही तू तशीच गेलीस. मी गेले नव्हते. माझ्याकडे सर्व्हे आला होता, त्यात प्रत्येक कोपऱ्याची पातळी होती, जमीन सपाट, घट्ट, रस्त्याच्या बरोबरीने. मी तेच आधीच्या रकान्यात भरलं. आपल्या धंद्यात सगळे तसंच करतात. सर्व्हेवाला ज्या दिवशी पोचला, त्या दिवशी जमीन जशी दिसली, तिलाच आम्ही ‘आधी’ म्हणतो. त्याच्याही आधी काही होतं का, हे विचारायला कोणाला वेळ नसतो. टाकी छोटीशी आली. कामत सर खूश, बिल्डर खूश.

तू प्लॉटवरून आलीस, चपला झाडल्यास, पाणीसुद्धा प्यायली नाहीस.

"आंब्याचं बूड कुठंय?"

"कुठल्या आंब्याचं?"

"प्लॉटच्या मधोमध आंबा आहे. जुना, दोघींच्या कवेत मावणार नाही एवढा. आणि तो जमिनीतून सरळ वर आलाय, विजेच्या खांबासारखा. आंब्याचं झाड असं असतं का गं? खाली पसरत जातं, मुळं वर आलेली दिसतात. ते बूड कुठे गेलं?"

मी म्हटलं, "सर्व्हेत झाडाची जागा दिलीय, बूड नसतं देत."

"भरणी केलीय त्यांनी, वैशाली. राडारोडा टाकून, रोलर फिरवून, मग सर्व्हेवाल्याला बोलावलंय. तो प्लॉट खोलगट होता. मागच्या गल्लीतल्या घरांचं पाणी त्यात येऊन बसायचं. आता प्लॉट वर आणि गल्ली खाली. तू जे आधी म्हणून भरलंयस ते आधी नाहीच."

मला समजलं होतं शुभांगी. तू ‘खोलगट’ म्हणालीस तेव्हाच समजलं होतं. पण आठवड्याभरात रिपोर्ट द्यायचा होता, पुन्हा सगळं मॉडेल उलगडायचा कंटाळा आला होता, आणि तू बरोबर असलीस की तुझा चेहरा असा काही होतो की समोरच्याने हरायचं ठरवलेलं असलं तरी तो हरत नाही. मी म्हटलं, "तुला प्रत्येक प्लॉटमध्ये तुझा कोळीवाडाच दिसतो. जरा इंजिनियर म्हणून बघ ना."

ऑफिसात सगळ्यांनी ऐकलं. तू आवाज चढवला नाहीस. "इंजिनियर म्हणूनच बघत्येय," म्हणालीस. "बूड दाखव, सही करते." आणि रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटलास. तो आवाज बरा होता. त्यानंतर दोन दिवस तू माझ्याशी कामापुरतं बोलत होतीस, ते वाईट होतं. तिसऱ्या दिवशी तू डबा माझ्या टेबलावर आणलास, बोंबलाची चटणी माझ्या पोळीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "बूड विसरले नाहीये मी." म्हणजे समेट झाला होता आणि भांडण चालू होतं. आपलं नेहमीचं. त्याच संध्याकाळी तुला ताप भरला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, मी ते लिहीत नाही. मी केलं ते फक्त मला ठाऊक होतं. तू दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवशी कामत सर म्हणाले, रिपोर्ट आज गेला पाहिजे. मी मागच्या कामाची फाइल उघडून त्याचं पहिलं पान घेतलं, प्लॉटचं नाव बदललं. चौकटीतलं तुझं नाव तिथे आधीपासूनच होतं. मी ते पाहिलं. अनवधानाने राहिलं असं म्हणायची सोय आहे, पण तुझ्याशी तरी खोटं कशाला, एकदा बोलून झालंय. मी ते पाहिलं आणि राहू दिलं. नाव नसतं तर रिपोर्ट पालिकेतून परत आला असता. मनात म्हटलं, ही बरी होऊन आली की बदलून देऊ. तू बरी होणार नाहीस हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. हे मात्र खरं आहे.

तुझ्या बाराव्यानंतर मी ऑफिसला गेले आणि दिवसभर तेच मॉडेल चालवत बसले. आकडा बदलायचा, रन मारायची, परत जुना आकडा टाकायचा. तुझ्या खुर्चीवर कोणीतरी कुरियरची पाकिटं ठेवली होती, मी ती उचलून खाली आदळली. कामत सर काचेतून बघत होते. दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता रिक्षा केली आणि मालाडला गेले. जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेतली. दुकानदाराने थंड देऊ का विचारलं तेव्हा मला रडू आलं. तो बिचारा घाबरला.

साइटवरच्या सुपरवायझरला सांगितलं, एक पातळी तपासायचीय. त्याने कुदळ घेतलेली एक बाई दिली, तारा नावाची, कानात मोठ्या बाळ्या. आंब्याच्या खोडापासून थोडं लांब धरून खणायला सांगितलं. आधी विटांचे तुकडे निघाले, मग टाइलच्या फरश्या, कोणाच्या तरी मोरीतली निळी फरशी, प्लॅस्टिक, एक तुटका नळ. तारा म्हणाली, "बाई, हे सगळं कोणाचं तरी घर आहे." मांडीपर्यंत खणल्यावर कुदळीचा आवाज बदलला. काळी, ओली माती लागली. आणि त्यातून मुळं निघाली गं, माझ्या मनगटाएवढी, आडवी पसरत गेलेली. मी खड्ड्यात उतरले आणि हाताने माती बाजूला केली. बूड होतं. तू म्हणाली होतीस तिथे, तसंच.

मला वाटलं होतं, हे बघितल्यावर जिवाला थोडी शांतता मिळेल. उलटच झालं. खड्ड्यात उभी राहून मला तुझा राग आला. एवढं बरोबर असायची काय गरज होती? जरा चुकली असतीस तर मी आज घरी गेले असते.

मागच्या गल्लीत गेले. अकरा घरं, सगळी तळमजल्याची, उंबरे आधीच दोन दोन विटांनी उंच केलेले. पहिल्या दारात एक म्हाताऱ्या काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. बोलण्यावरून आमच्याकडच्याच निघाल्या, वेंगुर्ल्याच्या. मी विचारलं, "काकी, पूर्वी पावसाचं पाणी कुठे जायचं?"

त्यांनी ताटलीतून मान वर केली. "आमचा पाणी थंयच जाय, त्या आंब्याकडे. आता थंयसून हंय येतला, दुसरा काय?" मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, "ती दुसरी बाई खंय आसा? जमनीर पाणी वतून बघणारी? माका म्हणाली, काकी, मी बघतंय काय करूचा ता."

मी सांगितलं, ती गेली. काकींनी ताटली खाली ठेवली आणि मला आत बोलावून पाणी दिलं. मी कोण, कुठली, काहीच विचारलं नाही. त्यांच्या भिंतीवर गेल्या पावसाची रेघ होती, फ्रिज विटांवर चढवलेला होता.

नवीन आधी घालून मॉडेल चालवलं. प्लॉट खोलगट धरला, गल्लीचं पाणी त्यात घेतलं. टाकी जवळजवळ तिप्पट झाली. प्रिंट काढून कामत सरांसमोर ठेवली. वाईट माणूस नाही तो, तुलाही माहीत आहे. त्याने दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"वैशाली, हे आता कशाला काढतेस? रिपोर्ट गेलाय."

"चुकीचा गेलाय सर. आणि त्यावर शुभांगीचं नाव आहे. तिने तो तपासून नाकारला होता."

"अगं, ती बिचारी गेली. तिला आता कोण विचारायला जाणार आहे?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

एवढंच बोलता आलं. तू असतीस तर टेबल वाजवून पाऊण तास बोलली असतीस. मी जागेवर आले आणि बिल्डरला आणि पालिकेला एकच पत्र लिहिलं. सर्व्हे भरणीनंतरचा आहे, आधीची स्थिती चुकीची धरली आहे, चूक माझी आहे, तपासणाऱ्या इंजिनियरने या रिपोर्टला संमती दिली नव्हती, तिचं नाव माझ्याकडून घातलं गेलं, रिपोर्ट मागे घेतला आहे असं समजावं. खड्ड्याचे फोटो जोडले. खाली फक्त माझी सही. कामत सरांनी मला रजेवर जायला सांगितलं, किती दिवस ते सांगितलं नाही. बिल्डर दुसऱ्या कोणाकडून आपल्याला हवं ते लिहून घेईल, असंही म्हणाले. घेईलही. पण आता पालिकेच्या फाइलीत माझं पत्र आहे आणि त्या आंब्याचे फोटो आहेत. पुढच्याला ते ओलांडून जावं लागेल.

काल मढला गेले, तुझ्या आईकडे. तिला हे मी सांगायला हवं होतं, तुझ्या नावाचा प्रश्न होता. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती, दोन दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून काठीवर टाकत होती. "ये गो," म्हणाली आणि हात चालूच ठेवला. मी सगळं सांगितलं. हॉस्पिटलात खोटं बोलले, तेही सांगितलं.

ती म्हणाली, "तिला म्हाईत होता."

"काय?"

"तू कागद धाडलास त्यो. तिचे फोनवर आला होता. मना बोलली ती."

मेल. मेलची प्रत आपोआप सगळ्या टीमला जाते, तुलाही गेली. माझ्या हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे चहाचा कप हातात धरून तू विचारलंस, तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मी काय सांगते ते तू बघत होतीस. आणि मी तुझ्या डोळ्यात बघून सांगितलं, थांबवलाय.

"रागावली होती का?" मी विचारलं.

"रागावली तं. लय रागावली." आईने पुढचे दोन बोंबील अडकवले. "बोलली, घरा जाऊ दे मना, मंग बघते वैशालीला." थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या बायकांचे घरान पानी जाईल का आता?"

मी म्हटलं, माहीत नाही. टाकी बांधली तर नाही जाणार.

"मंग बांधली का बघत रहा," ती म्हणाली आणि माझ्या हातात टोपली दिली. मी उरलेले बोंबील वाळत घातले. चुकीचे घातले, तिने परत काढून नीट घातले.

फेरीने वर्सोव्याला परत येताना मला तुझा इतका राग आला होता की शेजारची बाई सरकून बसली. एरवी तू एका दशांश चिन्हावरून सगळं ऑफिस डोक्यावर घ्यायचीस, मग त्या दिवशी ‘बरं’ काय म्हणालीस? तिथेच बोलायचं होतंस. कप फेकून मारायचा होतास.

सव्वीस दिवस जो तो मला सांगतोय, शुभांगी शांतपणे गेली हो, चेहऱ्यावर किती समाधान होतं. मी मान डोलावत आले. आता नाही डोलावणार. तू माझ्यावर भडकून गेलीस, घरी जाऊन माझी खरडपट्टी काढायची ठरवून गेलीस, आणि ते भांडण तुझ्याबरोबरच गेलं. मला ते हवंय गं. सगळ्यांसमोर, ओरडून, मागचं पुढचं सगळं उकरून काढून हवंय. या वेळी मी एक शब्दसुद्धा उलट बोलले नसते.